माही पोरगी कॅरिअर नाई

की-बोर्ड उलटा करून हातावर आपटला की त्यातून काय काय पडतं, हे दुरुस्ती करणाऱ्यालाच माहीत. मुरमुरे, टिकली, शेंगदाण्याचं टरफल. एकदा तर धानाचा दाणा पडला, मोड आलेला! किस्स्यांचंही तसंच असतं. रोज काम करताना वाटतं, इथे काही घडतच नाही. मग एखाद्या दुपारी वीज जाते, सगळे हातावर हात ठेवून बसतात, कोणीतरी म्हणतं, "सांग न गा काही," आणि फटीफटीतून एकेक पडायला लागतं.

मी बोलणारा माणूस नाही. चार माणसं समोर आली की माझा आवाज बसतो. म्हणून लिहून सांगतो. नववीत शाळा सुटली, मग सिंदेवाहीला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसलो, तिथून एका संस्थेच्या कम्प्युटर सेंटरवर लागलो. काम मशीन चालू ठेवायचं, आणि अडलेल्या पोरांना दाखवून द्यायचं. सेंटर म्हणजे जंगलाला लागून असलेल्या एका गावातली ग्रामपंचायतीची जुनी खोली. गावाचं नाव लिहीत नाही, लोकांना आवडणार नाही. शिकवायला नंदा मॅडम, वरोऱ्याच्या. खेड्यातल्या पोरापोरींना कम्प्युटरची गोडी लावायची, आणि त्यातलं कोणी हुशार निघालं तर त्याला नागपूरला वर्षभराच्या प्रोग्रामिंगच्या कोर्सला धाडायचं, असं संस्थेचं ठरलेलं. राहणं-खाणं त्यांच्याकडे. कोर्स झाला की कंपनीत काम.

पोरं खूप आली आणि गेली. पण मला जे आठवतं ते बहुतेक एकाच पोरीभोवतीचं आहे.

*

पहिल्या दिवशी गावाची सभा घेतली. नंदा मॅडमनी रात्रभर भाषण पाठ केलं होतं.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे सिकलसेल नावाचा रक्ताचा आजार फार. ज्याच्या रक्तात तो लपून असतो पण वरून दिसत नाही, त्याला दवाखान्यातले लोक 'कॅरिअर' म्हणतात. गावोगाव तपासणी होते, कार्ड मिळतं, लग्न जुळवताना लोक आधी तेच विचारतात. त्यामुळे हा एक इंग्रजी शब्द आमच्याकडे म्हाताऱ्या बायांनाही पक्का माहीत.

मॅडम वरोऱ्याच्या, शहरात वाढलेल्या; त्यांना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी सुरुवातच केली, "तुमच्या प्रत्येक मुलात एक करिअर लपलेलं आहे. आज ते तुम्हाला दिसत नाही. आम्ही ते शोधून काढू."

पुढच्या रांगेतल्या दोन बाया उठल्या.

मॅडमना वाटलं, कंटाळल्या. त्यांनी आवाज वाढवला. मुलगा असो की मुलगी, या सेंटरमध्ये आलं की सहा महिन्यांत करिअर सुरू होतं, एकदा सुरू झालं की जन्मभर सोबत राहतं, असं त्या सांगत गेल्या. तोपर्यंत बाया पोरांचे दंड धरून दाराबाहेर पडल्या होत्या. एक म्हातारा जाता जाता म्हणाला की आमच्या घराण्यात कोणालेच नाई, उगाच बदनामी करू नका.

सभेत एकच बाई उरली. जनाबाई मडावी. बाजूला तिची पोरगी वनिता, नुकतीच बारावी झालेली. जनाबाईनं हात जोडले आणि अपराध्यासारखं सांगितलं, "बाई, माही पोरगी कॅरिअर नाई. दोन डाव रक्त तपासलं तिचं. तरी घेता काय?"

मॅडमना काही कळेना. मी मागून जाऊन त्यांच्या कानात सांगितलं. त्या हसायला लागल्या आणि मधेच थांबल्या, कारण जनाबाई अजून हात जोडूनच उभी होती, उत्तराची वाट पाहत.

"घेतो," मॅडम म्हणाल्या.

"मंग शिकवा. जंगलात जायले मी हाओ. तिले नाई जाऊ द्यायचं."

*

हळूहळू गैरसमज निघाला आणि पोरी यायला लागल्या. मग रोवणी आली. धानाची रोपं चिखलात लावायची, दिवसभर कमरेत वाकून. वनिता सकाळपासून चारपर्यंत मायसोबत धानाच्या बांधीत असायची, आणि चारनंतर पाय धुऊन सेंटरला.

त्याच दिवसांत संस्थेनं हजेरीसाठी अंगठ्याचं मशीन पाठवलं. मी बसवलं, माझा अंगठा लावून पाहिला, चाललं. मग पोरींची रांग लागली. एकीचाही अंगठा लागेना. पाण्या-चिखलात राहून बोटांची कातडी पांढरी पडलेली, रेघाच गेलेल्या. वनितानं ओढणीला पुसून लावला, डोक्याच्या तेलाला लावून लावला, मग डावा लावला. मशीन प्रत्येक वेळी तेच बोले, पुन्हा प्रयत्न करा.

"मशीन आंधळी हाय काय भाऊ?" तिनं मला विचारलं.

नागपूरहून मॅडमना फोन आला. सेंटर महिनाभर रिकामं दिसतं आहे, एकही विद्यार्थी येत नाही, बंद करायचं का? मॅडम शांत आवाजात म्हणाल्या, "पोरी रोज येतात सर, अंगठे लागत नाहीयेत." समोरच्याला ते काही समजलं नाही. शेवटी मी पोरींचा फोटो काढून पाठवला, दहाही बोटं समोर पसरलेल्या. त्यानंतर मशीन काढून न्यायला सांगितलं. पोरींना वाटलं, आपल्यामुळे मशीन बिघडलं. पुढचे काही दिवस त्या की-बोर्डलाही भीत भीत हात लावायच्या.

*

हिवाळ्यात पुण्याहून एक सर आले. तरुणांना टेक्नॉलॉजीकडे कसं वळवायचं, यावर ते गावोगाव बोलायचे. माणूस चांगला होता. पोरांसाठी बिस्किटं आणली होती.

त्या दिवशी भाषण सुरू असताना प्रोजेक्टर बंद पडला. मी वायर काढली, दाताने सोलली, जोडली, चालू केला. सर खूश झाले. मला हाताला धरून समोर उभं केलं. "हे बघा. हे भाऊ. मन लावून शिकलात तर उद्या तुम्हीही यांच्यासारखे व्हाल. सांगा भाऊ, तुमचं शिक्षण काय?"

खोलीत सगळे माझ्याकडे पाहून राहिले होते.

"नववी," मी म्हटलं.

"नववीनंतर?"

"नापास."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, इथे टाळ्या वाजवायच्या असतात.

सर गेल्यावर मॅडमनी नागपूरच्या कोर्सची माहिती सगळ्यांना वाचून दाखवली. बारावी पास पाहिजे, असं त्यात होतं. वनितानं माझ्याकडे पाहत हात वर केला. "म्हणजे रोशनभाऊले नाई चालत?"

मॅडम म्हणाल्या, नाही चालत.

"त्यायनं शिकवलं तं चालते, न् ते शिकले तं नाई चालत?"

मॅडमनी कागद पुन्हा वाचला. मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन टेबलाखाली गेलो आणि बराच वेळ खालीच राहिलो. पण त्या दिवशी माझ्या मनात पक्कं झालं की वनिता तिथे गेली पाहिजे. एक जण तरी.

*

कोर्सला घेण्याआधी नागपूरचे लोक व्हिडिओ कॉलवर मुलाखत घ्यायचे. प्रत्येकानं आपण बनवलेलं काहीतरी दाखवायचं. बाकीच्यांनी वाढदिवसाचं कार्ड, नफ्या-तोट्याचं गणित असलं केलं. वनितानं गावाच्या कामाचं केलं. तिच्या मोबाइलवर एक बटन. ते दाबलं की गावातल्या सगळ्या नंबरांवर एकाच वेळी मेसेज, 'तो आला, नाल्याकडे' किंवा 'तो आला, तळ्याकडे.' ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळायचं, कारण घराघरातले मोबाइल एकदम टुंग टुंग वाजायचे.

आता, जंगलालगतच्या आमच्या गावांत वाघाचं नाव घेत नाहीत. नाव घेतलं की तो ऐकतो म्हणतात. त्याला 'तो' म्हणायचं. वनिता लहानपणापासून 'तो'च म्हणत आलेली. तिनं मुलाखतीतही तेच म्हटलं. कॉलवर नागपूरच्या एक मॅडम होत्या आणि एक सर. 'तो'वर बायांना लक्ष ठेवता यावं म्हणून हे केलं, असं वनितानं सांगितलं, आणि त्या मॅडमचा चेहराच बदलला.

"हा 'तो' तुम्हाला त्रास देतो का, बाळा?"

"हो. सगळ्यायलेच देते. बाया तं सांजच्याले नाल्याकडे जातच नाई."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाले. आधी त्याचा बाप होता."

स्क्रीनवरच्या सरांनी पेन खाली ठेवला. मॅडमनी विचारलं, पोलिसांना कळवलं का? वनिता म्हणाली की पोलीस काय करतीन, फॉरेस्टवाले येऊन गेले, फोटो काढून गेले. नुसते फोटो काढून सोडून दिलं? हो, म्हणे त्याचाच एरिया आहे. आता मात्र त्या मॅडम खुर्चीत सरळ झाल्या. त्याचा एरिया म्हणजे काय, या देशात कायदा आहे की नाही, असं त्यांनी रागानंच विचारलं.

वनिता अगदी नम्रपणे म्हणाली, "कायदा त्याच्याच बाजूनं हाय न, मॅडम."

तेव्हा आमच्या नंदा मॅडम कॅमेऱ्यासमोर वाकल्या आणि एकच शब्द बोलल्या, मोठ्यानं. नागपूरचे दोघं एकमेकांकडे पाहून इतके हसले की त्यांच्याकडचा आवाज फाटायला लागला. इकडे वनिता दचकून खिडकीबाहेर पाहत होती. नाव घेतलं होतं ना.

तिची निवड झाली. कोर्स जूनमध्ये सुरू व्हायचा होता.

*

निवड झाल्याचं कळल्यावर जनाबाई सेंटरला आली. चपला बाहेर काढल्या, पदर डोक्यावर घेतला, देवळात यावं तशी आली. म्हणाली, "कुठी जाते ते, दाखव मले."

मी नकाशा उघडला. आमचं गाव मोठं करून दाखवलं. वरून काढलेला फोटो, सगळा हिरवा, मधे तळं. तिनं तळं ओळखलं, तळ्यावरून आपलं घर ओळखलं. मग मी रस्ता दाखवत गेलो आणि ती स्क्रीनवर बोट टेकवून माझ्यामागे यायला लागली. सिंदेवाही आली. तिथे ती थांबली, बाजार कोणत्या बाजूला, विचारलं. मग बोट तिनं स्वतःच वळवलं, चिमूरकडे. तिथे ती जत्रेला गेली होती, लग्नाआधी. चिमूरवर बोट बराच वेळ राहिलं.

"इथवर मी गेली हाओ," ती म्हणाली.

मग नागपूर. हॉस्टेलची इमारत मी शोधून ठेवली होती. पांढरं छत, बाजूला रस्ते. जनाबाईनं डोळे बारीक करून पाहिलं.

"झाडं नाई दिसत."

मी म्हटलं, शहर आहे, कमीच असतील.

"चांगलं हाय," ती म्हणाली. "झाडं नाई, तं तोबी नाई."

*

हा किस्सा नाही. पण हा सोडून पुढचं सांगता येत नाही.

उन्हाळा लागला की मोह गळतो. पहाटेपासून फुलं पडतात, बाया टोपले घेऊन उजाडायच्या आत जंगलात जातात. जनाबाई बाकीच्या बायांसोबत गेली. सूर्य वर आला तेव्हा एका गुराख्यानं वनिताला फोन केला की 'तो' मोहाच्या झाडांकडे वळला आहे. वनिता अंगणात होती. तिनं बटन दाबलं.

गावभर मोबाइल वाजले. तिच्या पाठीमागे, घरात, खुंटीला अडकवलेल्या पिशवीत एक वाजला. वाकताना पडतो म्हणून जनाबाई मोबाइल घरी ठेवून जायची.

बाकीच्या बायांपैकी एकीकडे मोबाइल होता. तो वाजल्याबरोबर त्या ओरडत मागे फिरल्या. जनाबाई पुढे गेली होती, शेवटच्या झाडाकडे. तिच्यापर्यंत आवाज गेला नाही.

आता तिथे दगडांचा एक ढीग आहे. आमच्याकडे तशी रीत आहे, अशा जागेवरून जाणारा प्रत्येक जण एक दगड ठेवून पुढे जातो.

दोन दिवसांनी मोबाइलवर बातम्या देणारा एक माणूस आला. वनिताच्या तोंडासमोर माईक धरला. तुम्ही स्वतः हे ॲप बनवलं होतं, तर त्याचा काही उपयोग झाला का, असं विचारलं. आम्ही सगळे तिथेच उभे होतो. मला वाटलं, याला हाकलावं. पण वनितानं विचार करून उत्तर दिलं.

"झाला. बाकी सगळ्या घरी आल्या."

*

नागपूरच्या मॅडमनी फोन करून सांगितलं की जागा ठेवतो, जूनपर्यंत सांगा. नंदा मॅडम आणि मी वनिताच्या घरी गेलो. ती म्हणाली, नाही जात. घरी आता दोघंच, ती आणि तिचा बाप सोमाजी. ती गेली तर बा उपाशी मरेल. "त्याले चहाबी करता येत नाई, मॅडम."

सोमाजी तिथेच बसला होता. तो माझ्यापेक्षाही कमी बोलतो.

मे लागला, तेंदूपत्ता सुरू झाला. बिडीची पानं तोडायला सगळं गाव जंगलात जातं. वनिता मायच्या जागी जायला लागली. जे तिच्या मायला नको होतं तेच. सेंटरला येणं तिनं बंद केलं. सकाळी पानं तोडायची, दुपारी पुडके बांधून फडीवर, म्हणजे ठेकेदाराच्या खरेदीच्या जागी, मोजून द्यायचे, तिथे रांग असते, यायला उशीर होतो.

अशाच एका दुपारी सोमाजी सेंटरच्या दारात येऊन उभा राहिला. आत कोणी नव्हतं, मी एकटा. बराच वेळ त्यानं भिंतीवरचा की-बोर्डचा तक्ता पाहिला. मग म्हणाला, "रोशन, हे मशीन सैपाक दाखवते म्हणे."

मला आधी कळलं नाही. मग कळलं. मी खुर्ची दिली आणि वरणाचा व्हिडिओ लावला.

पांढऱ्या टाइल्सचा ओटा, चकचकीत भांडी आणि पुण्याकडच्या बोलीतली एक बाई. "नमस्कार मैत्रिणींनो," ती म्हणाली. सोमाजीनं टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिला परत नमस्कार केला. बाई भरभर बोलत होती. एक छोटा चमचा तेल. "छोटा म्हणजे केवढा?" सोमाजीनं तिला विचारलं. ती पुढे गेली. "थांब बाई, थांब," तो म्हणाला. मी व्हिडिओ थांबवला. बाई ऐकते असं त्याला वाटलं. पुढचे दोन-तीन दिवस तो "थांब बाई" म्हणायचा आणि मी बाजूला बसून थांबवायचो. मग मी त्याला माऊस हातात दिला. नांगराची मूठ धरावी तसा धरला त्यानं. पण शिकला. ज्या माणसाला कम्प्युटरची गोडी लावायचं कोणी मनातही आणलं नव्हतं, तो रोज दुपारी येऊन बसायला लागला.

तो माझ्याशी नाही, त्या बाईशीच बोलायचा. अंबाडीच्या भाजीत तिनं गूळ टाकला तेव्हा तर तो वैतागला. "गूळ काऊन टाकते वो? भाजी हाय का परसाद?" त्याला जनाबाईसारखी अंबाडी पाहिजे होती. मी सगळीकडे शोधली. तशी कुठेच नव्हती. तो म्हणाला, राहू दे, गूळ सोडून बाकी हिच्यासारखं करतो.

घरी तो गुपचूप करून पाहायचा. पहिले काही डाव भाजी जळाली, ती त्यानं नाल्यात टाकली. वनिताला वाटलं, मांजर भांडी सांडून राह्यली.

एक दिवस त्यानं मला घरी बोलावलं. "तू बी ये गा. माह्या बाजूनं कोणी पाह्यजे." वनिता फडीवरून आली, तर ताट वाढून ठेवलेलं. भात, वरण, अंबाडीची भाजी. तिला वाटलं, शेजारणीनं दिलं. बाप म्हणाला, म्या केलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिचा काही विश्वास बसला नाही. एक घास घेतला आणि मास्तरणीसारखी परीक्षा घ्यायला लागली. भाजी आधी शिजवली की आधी फोडणी? त्यानं सांगितलं. तांदळाले पाणी किती? बोटाची पेरं मोजून दाखवली. तिखट कधी टाकलं? तेही सांगितलं.

"न् मीठ? मीठ किती टाकलं, सांग."

सोमाजी ताठ बसला आणि शुद्ध पुणेरी मराठीत म्हणाला, "चवीनुसार."

वनिता हसली. माय गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता तिला ठसका लागला, सोमाजीनं पाणी दिलं, आणि मग ती हसते आहे की रडते आहे हे आम्हा दोघांनाही कळेना. आम्ही खाली मान घालून जेवत राहिलो. भाजी खारट झाली होती. आम्ही तिघांनीही दुसऱ्यांदा घेतली.

*

जूनमध्ये वनिता नागपूरला गेली. सिंदेवाहीच्या स्टँडवर मॅडम, मी आणि सोमाजी सोडायला गेलो होतो. ती आता तिथे आहे. मॅडमना फोन येतो, इंग्रजी जड जातं म्हणते, प्रोग्रामिंग जमतं म्हणते. संस्थेनं तिचा फोटो मोठा करून सेंटरच्या भिंतीवर लावायला पाठवला आहे. तो पाहून बाया विचारायला येतात की आमचीबी घेता काय.

ती गेली त्याच आठवड्यातली गोष्ट. दुपार होती. पोरं जेवायला गेली होती. सोमाजी दारात आला, टोपी काढली आणि आपल्या नेहमीच्या खुर्चीवर बसला. मला बरं वाटलं. मी मशीन चालू केलं. आता नवीन काय शिकायचं राहिलं, काका, म्हणून मी विचारलं, कारण वरण, भात, वांगं, अंबाडी, चटणी, सगळंच त्याला येत होतं.

"काईच नाई," तो म्हणाला.

मग कोणती भाजी लावू?

"कोणतीबी लाव."

मी पहिली आली ती लावली. बाई म्हणाली, नमस्कार मैत्रिणींनो. सोमाजी स्क्रीनकडे पाहतच नव्हता. त्यानं डोकं मागे भिंतीला टेकवलं होतं आणि डोळे मिटले होते. मला वाटलं, झोप लागली. मी आवाज कमी करायला हात पुढे केला.

"मोठा कर," तो डोळे न उघडता म्हणाला. "भाजी कोणतीबी असू दे. बाई बोलत राह्यली पाह्यजे."